पलीकडच्याची बाजू

वर्तमानपत्र हातात आलं की आत्या मथळे वाचायची नाही. आतलं कुठलंतरी पान उघडायची, एका वाक्यावर बोट ठेवायची आणि विचारायची, "हे कोण म्हणतंय?"

बाबा आरशासमोर गालाला साबण लावून उभे असायचे. ते म्हणायचे, "खाली दिलंय की. आमच्या प्रतिनिधीकडून."

"प्रतिनिधी लिहितोय, दादा. म्हणतंय कोण? 'नागरिकांतून तीव्र नाराजी व्यक्त होत आहे.' मी काल बाजारात गेले होते. मला तर कोणी तीव्र दिसलं नाही."

"तुला बघून पळाली असेल नाराजी."

मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा. "वकीलबाई, बोट उचला आता. चहा कुठे ठेवू?"

वकीलबाई हे आत्याचं घरातलं नाव. ती वकील नव्हती. वीज कंपनीच्या कचेरीत तक्रार विभागात कारकून होती. दिवसभर काचेच्या छोट्या खिडकीमागे बसून लोकांचं ऐकायची. बिल जास्त आलं, मीटर पळतो, शेजाऱ्याने तार ओढली. लग्न केलं नव्हतं. आमच्या घराची रस्त्याकडची खोली तिची होती आणि त्या खोलीत एक टेबल, एक पलंग आणि रद्दीचा एक ढीग होता, ज्याला हात लावायची परवानगी आईलाही नव्हती.

दर मंगळवारी गावातल्या वर्तमानपत्रात तिचं सदर यायचं. सदराचं नाव 'खिडकीपाशी'. ते नाव संपादकांनी दिलेलं आणि आत्याला अजिबात आवडत नसे. "खिडकीपाशी बसून कुणाचं भलं झालंय?" असं ती म्हणायची. पण नाव बदललं नाही, आणि लोक तिला त्याच नावाने ओळखू लागले.

सुरुवातीचे लेख मी नंतर काढून वाचले. ते कुणाचेही असू शकले असते. रस्त्यावरचे खड्डे असोत नाहीतर शाळांची फी, प्रत्येक लेखाच्या शेवटी समाजाने अंतर्मुख होण्याची गरज असायची. असे बरेच लेख छापून झाल्यावर संपादकांनी तिला समोर बसवलं. उंच, वाकलेला, सतत कान खाजवणारा माणूस. ते म्हणाले, "बाई, हा समाज राहतो कुठे? एकदा घेऊन या त्याला. मीच समजावतो." आत्याचा चेहरा पडला. मग त्यांनी तिला ती सवय लावली, जिच्यावर पुढे तिचं सगळं लिखाण उभं राहिलं.

ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्याची बाजू आधी लिहायची. अर्धवट, खोडसाळ नाही. 'मी' म्हणून, त्याच्या अंगात शिरून, अशी लिहायची की त्याने वाचलं तर म्हणावं, मलाही इतकं नीट सांगता आलं नसतं. ती लिहून झाली की मगच आपली.

आत्या त्याला 'पलीकडचं' म्हणायची. पलीकडचं ती कचेरीतून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर लिहायची, एका बाजूला जुनी बिलं छापलेली असायची त्यांवर. स्वतःचं मात्र कोऱ्या पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईने. सोमवारी दुपारी अर्धी रजा टाकून दोन्ही घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीत जायची. संपादक आधी पाठकोरे वाचायचे, कान खाजवायचे, आणि पटलं तर म्हणायचे, "हं. आता मारा." मग पांढरे वाचायचे. वाचून झालं की ऑपरेटर पांढरे कागद टाइप करायला घ्यायचा आणि पाठकोरे टोपलीत जायचे. इतकी वर्षं हेच चाललं होतं. टाइप करणाऱ्या माणसाला मजकूर वाचायचीही गरज नव्हती, कागदाचा रंग पुरे होता.

पलीकडचं आधी आमच्या स्वयंपाकघरात वाचलं जायचं. आईला राग आला तर जमलं, असा हिशेब होता. दुकानांपुढच्या फेरीवाल्यांना हटवावं का, या वादात तिने दुकानदाराची बाजू अशी वाचली की आईने लाटणं आपटलं. वाहनतळाच्या भाड्यावर लिहिताना मात्र बाबांना पलीकडचं इतकं पटलं, की आत्याचा खरा लेख छापून आल्यावरही ते पलीकडेच राहिले. "तूच तर पटवून दिलंस," असं ते वर्षभर म्हणत होते.

या सवयीने तिचा आवाज घडला. आधी दुसऱ्याचा 'मी' लिहून लिहून तिला स्वतःचा 'मी' सापडला असावा. वाक्यं आखूड झाली. समाज गेला, माणसं आली. एकदा छापताना चुकून तिचं नाव राहून गेलं, तर भाजीवालीने विचारलं, "ताई, नाव का नाही टाकलं? घाबरलात की काय कुणाला?"

घाबरली नव्हती. ते पुढे व्हायचं होतं.

आमच्या घराजवळ पालिकेचं जुनं प्रसूतिगृह होतं. बसक्या इमारतीत एका ओळीत खाटा, मागे नळ, पुढे बाकं. आई तिथे सिस्टर होती, मी जन्मले तेव्हाही होती; स्वतःच्याच कामाच्या जागी ती बाळंत झाली आणि उठून बसल्यावर पहिल्यांदा शेजारच्या खाटेवरच्या बाईची सलाइन तिने नीट लावली, असं बाबा सांगायचे. ते प्रसूतिगृह बंद करून सगळं शहराबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं, असा ठराव पालिकेपुढे येणार होता. शुक्रवारी सभा होती. मंगळवारी आत्याचं सदर.

आईने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या रविवारी मात्र तिने चहाचा कप स्वतः आत्याच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"वकीलबाई, या वेळी जरा जोरात."

"जोरात काय, कानठळ्या बसतील. तू मला सांग फक्त. सगळं सांग."

आई पलंगाच्या कडेला बसली आणि सांगू लागली. कोण बायका येतात, कुठून येतात. रिक्षाचे पैसे नसले तर चालत येतात, कळा येत असताना. मोठं रुग्णालय त्यांना किती लांब पडेल. मी दारात उभी होते. बोलता बोलता आईचा आवाज खाली आला.

"मागच्या थंडीत एक बाई गेली माझ्या हातून."

आत्याने लिहिणं थांबवलं.

"बाळ व्यवस्थित झालं. नंतर रक्त थांबेना. डॉक्टरबाईंची ड्यूटी मोठ्या रुग्णालयात लावलेली. आमची गाडी दुरुस्तीला नेली ती परत आलीच नव्हती. मी पोट दाबून बसले होते तिचं. ती मला म्हणत होती, सिस्टर, तुमचे हात गार आहेत." आईने स्वतःच्या हातांकडे बघितलं. "शेवटी रिक्षात घातली. वाटेत गेली. मी ह्यांनाही सांगितलं नाही अजून. हे लिहायचं नाही हं."

"वेडी आहेस का, वहिनी? हे कसं लिहीन?"

आणि तिने ते तिच्या लेखात लिहिलं नाही. पलीकडच्यात लिहिलं.

प्रसूतिगृह बंद करा म्हणणाऱ्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता? तोच. आणि पलीकडचं टोपलीतच जायचं असतं. आत्या रात्रीच्या जेवणापर्यंत उठली नाही. त्या आठवड्यात तिने पलीकडचं स्वयंपाकघरात वाचूनही दाखवलं नाही. आईने विचारलं तर म्हणाली, "डोकं दुखतंय."

सोमवारी सकाळी मी तिच्या खोलीत गेले तेव्हा ती पांढऱ्या कागदावर काहीतरी सुवाच्य उतरवत होती, शाळेतल्या मुलीसारखी जीभ ओठात धरून. मला वाटलं लेख झाला. प्रत्यक्षात ती पलीकडचं उतरवत होती. ते पाठकोऱ्यावरून पांढऱ्यावर उतरवण्याचं काही कारण नव्हतं. तिचा स्वतःचा लेख शेजारी पडला होता, जुन्या बिलांच्या मागे, खाडाखोड केलेला, वेळ संपत आल्यामुळे घाईने लिहिलेला. तो ती संपादकांसमोर बसून नीट लिहून काढणार होती.

संपादक त्या दिवशी कचेरीत नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, ते अचानक अलीकडे आलं. आत्या त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून लेख उतरवायला लागणार, तेवढ्यात तिच्या कचेरीतून साहेबांचा फोन आला. खिडकीपुढे गर्दी झालीय, वादावादी चाललीय, लगेच या. तिने घड्याळाकडे बघितलं. कागद फायलीत घातले, फाइल ऑपरेटरच्या टेबलावर ठेवली आणि जाता जाता म्हणाली, "नेहमीसारखं."

ऑपरेटरने नेहमीसारखं केलं.

मंगळवारी सकाळी वर्तमानपत्र बाबांच्या हातात पडलं. "अगं, 'प्रसूतिगृह बंद करा', काय हे शीर्षक!" ते हसत म्हणाले. त्यांना वाटलं, ही नवीन गंमत आहे. ते मोठ्याने वाचू लागले. "'मी त्याच प्रसूतिगृहात जन्मले. माझी भाची तिथेच जन्मली. म्हणून हे सांगण्याचा अधिकार मला आहे. ते बंद करा.'"

आत्या खोलीतून धावत आली. बाबा वाचतच होते, कारण त्या मजकुरात थांबायला जागा नव्हती. एक वाक्य दुसऱ्याचा हात धरून पुढे नेत होतं. आपलेपणा हे औषध नव्हे, असं एक वाक्य होतं. जवळ असणं आणि वाचवता येणं या दोन गोष्टी आहेत, असं एक होतं. मग ती थंडी आली. मग ती बाई. बाबांचा आवाज अडखळला. "'तिचं पोट दाबून बसलेल्या सिस्टरला ती म्हणाली, तुमचे हात गार आहेत.'"

आई डबा भरत होती. तिने झाकण लावलं, पिशवीत डबा घातला, पायात चपला सरकवल्या.

"वहिनी, हे पलीकडचं आहे," आत्या म्हणाली. "हे छापायचं नव्हतं. वहिनी, ऐक."

"तुमचा चहा झाकून ठेवलाय," आई म्हणाली. "गरम करून घ्या."

तुम्ही. मी माझ्या आयुष्यात आईला आत्याला तुम्ही म्हणताना ऐकलं नव्हतं. वकीलबाईमधला तुम्ही वेगळा होता, तो चेष्टेचा होता. दार बंद झालं. आत्या परक्याच्या अंगणात उभी राहिल्यासारखी घरातच उभी राहिली.

मग फोन सुरू झाले. अभिनंदनाचे. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, प्रथमच तटस्थ लिहिलंत. तिच्या कचेरीतले साहेब म्हणाले, काय धाडस हो तुमचं. वर्षानुवर्षं खिडकीपाशी बसणाऱ्या बाईला त्या एका सकाळी गावाने उचलून धरलं आणि फोनगणिक ती खुर्चीत आणखी खाली जात होती. शेवटी तिने फोन बाजूला काढून ठेवला आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. मला कॉलेजला सुट्टी होती. "चल," एवढंच म्हणाली, म्हणून मी गेले.

ऑपरेटर पांढराफटक पडला. "ताई, पांढरे होते तेच लावले. तुम्हीच म्हणालात नेहमीसारखं. पाठकोरे टोपलीत टाकले मी." त्याने वाकून टोपली पालथी केली. कालचा कचरा आज सकाळीच नेलेला होता.

"तुझी चूक नाही," आत्या म्हणाली. पण ते इतकं हळू म्हणाली की त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

मालक वरच्या मजल्यावर बसत. गुळगुळीत दाढीचा, मनमोकळं हसणारा माणूस. "या, या! पालिकेतून फोन होता. शुक्रवारी सभेत तुमचा लेख वाचून दाखवणार आहेत. आपल्या पेपरातला लेख सभेत वाचला जाणं, हे पहिल्यांदाच."

"ते माझं मत नाही," आत्या म्हणाली आणि सगळं सांगितलं. सांगताना तिची वाक्यं लांब होत गेली.

मालकांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "म्हणजे शुद्धिपत्र हवंय तुम्हाला. अहो, शुद्धिपत्र आकड्याचं असतं, नावाचं असतं. मताचं शुद्धिपत्र कसं काढणार? छापलं ते छापलं."

"शुक्रवारी सकाळी मला जागा द्या. पूर्ण सदराची."

"मंगळवारी एक आणि शुक्रवारी नेमकं उलटं? पेपरचं हसं होईल." ते थोडे पुढे झुकले. "असं करू. ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे चुकीचा मजकूर छापला गेला, अशा दोन ओळी कोपऱ्यात टाकतो. तुमची अब्रू राहील, आमचीही."

"आणि त्याचं काय?"

"त्याचं आम्ही बघू."

मी तिच्या बोटांकडे बघत होते. ती होय म्हणेल की काय, अशी भीती मला वाटली. आणि नंतर एकदा तिनेच सांगितलं की ओठांवर होय आलं होतं. ती उठली. "विचार करून सांगते," म्हणाली.

तिथून आम्ही संपादकांच्या घरी गेलो. ते एका डोळ्यावर पट्टी लावून अंधाऱ्या खोलीत बसले होते. वाचायला मनाई होती. "वाचून दाखवा," ते म्हणाले. "दोन्ही."

"माझा नाही उरला. टोपलीत गेला."

"आठवतोय तेवढा सांगा."

तिने आधी छापलेला वाचला, मग स्वतःचा आठवून सांगितला. मी दोन्ही एकापाठोपाठ ऐकले. दुसरा लेख खरा होता, पण त्याच्यात जीव नव्हता. ती स्वतः सांगतानाच चाचपडत होती.

संपादकांनी कान खाजवला. "तुमची बाजू लंगडी आहे, बाई."

"हो."

"पलीकडचं पांढऱ्यावर का उतरवलंत?"

आतल्या खोलीत कुणीतरी भांडी लावत होतं.

"सुंदर झालं होतं म्हणून," ती म्हणाली. "पाठकोऱ्यावर ठेवायला जीव होईना. तुम्ही वाचून काय म्हणाल, ते ऐकायचं होतं मला."

"तर मग म्हणतो. इतकं चांगलं तुम्ही कधी लिहिलं नाही." त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं. "मालकाशी बोलतो मी. जागा मिळेल. पण रडगाणं गाऊ नका आणि त्या बिचाऱ्या ऑपरेटरला मध्ये ओढू नका."

घरी आलो तेव्हा आई परतली होती. पालिकेच्या मुख्य डॉक्टरबाईंनी तिला बोलावून विचारलं होतं, ही बातमी बाहेर कशी गेली. लेखी खुलासा मागितला होता.

"मी जाऊन सांगते त्यांना," आत्या म्हणाली.

"काय सांगाल? की वहिनी बोलली नाही? मग कोण बोललं, भिंती?" आई भाजी निवडत होती आणि तिचे हात थांबत नव्हते. "मी सांगून टाकलं. म्हटलं, मीच बोलले घरात."

"कशाला सांगितलंस!"

"मला तुमच्यासारखं दोन कागदांवर दोन बोलता येत नाही."

"वहिनी, ते छापायचं नव्हतं गं."

"लिहायचं तरी होतं का?"

बाबा म्हणाले, "अगं, जाऊ दे, चुकून झालं ते." दोघी एकदमच त्यांच्याकडे वळल्या, "तुम्ही मध्ये पडू नका" आणि "दादा, तू गप्प बस" हे एकाच वेळी ऐकू आलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी आम्ही सगळे हसलो असतो. बाबा उठून बाहेर गेले.

बुधवारी संपादकांचा निरोप आला. शुक्रवारी जागा मिळेल, पण गुरुवारी दुपारपर्यंत मजकूर हवा, आणि त्यानंतर सदर चालू राहील की नाही, ते मालक ठरवतील.

आत्याने रजा टाकली. ती लिहायची आणि फाडायची. एकदा तिने सगळा दोष स्वतःवर घेतला, ते तिलाच नाटकी वाटलं. एकदा पालिकेवर तुटून पडली, त्यात समाज परत आला. गुरुवारी सकाळपर्यंत टेबलाखाली कागदांचा खच पडला होता. शेवटी तिने जुनी बिलं पुढे ओढली. पलीकडचं आधी. आणि मग तिला कळेना, की या वेळी पलीकडे आहे कोण. पालिका नव्हती, मालक नव्हते.

मी तिला चहा द्यायला गेले तेव्हा तिने पहिलं वाक्य लिहिलं होतं. 'माझी नणंद पेपरात लिहिते. मी तिला एक गोष्ट सांगितली होती.'

नंतर ती थांबली नाही. लिहून झाल्यावर कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आईची दुपारची पाळी होती, ती निघायच्या तयारीत होती.

"वाचू?"

आई पिशवी खाली ठेवून बसली.

आत्या वाचू लागली. त्यात आई बोलत होती. घरातली माणसं जे विश्वासाने सांगतात, ते लिहिणाऱ्यांच्या हाती लागलं की त्याचा मुद्दा होतो, हा विश्वासघात आहे, असं म्हणत होती. माझ्या हातून गेलेल्या बाईला तुम्ही दोन वेळा वापरलंत, एकदा लिहिताना आणि एकदा ते सुंदर झालंय म्हणून उतरवताना, असं म्हणत होती. आणि मग प्रसूतिगृहाबद्दल बोलत होती. 'आमची डॉक्टर नेली. गाडी नेली. ज्या घराची दारं-खिडक्या तुम्हीच काढून नेल्या, ते आता वाऱ्याचं घर आहे म्हणून पाडायला निघालात.' आत्याला रविवारी जे सापडलं नव्हतं, ते आईच्या आवाजात तिला सापडलं होतं.

आई ऐकत होती. तिची नजर फरशीवर होती.

"ते 'विश्वासघात' काढ," ती म्हणाली. "मी असं बोलत नाही."

"मग कसं बोलशील?"

"'मला वाईट वाटलं' एवढंच." ती उठली. "आणि त्या बाईचं परत लिहू नकोस. तिच्या घरचे वाचत असतील."

आत्याने तिथेच, ओट्यावर कागद ठेवून, तेवढं खोडलं. 'वापरलंत' म्हणणारं वाक्यही खोडलं, जरी ते त्या लेखातलं सगळ्यात धारदार वाक्य होतं. मग अर्ध्या मजकुराच्या जागी स्वतःचं लिहिलं: मंगळवारी छापलेलं माझं मत नव्हतं, पण ते माझंच लिखाण होतं, कुणी दुसऱ्याने चूक केलेली नाही, मला माझीच वाक्यं आवडली, त्यातून हे झालं. आई निघून गेली होती. ऑपरेटरच्या हातात कागद देताना आत्याने प्रत्येक पान मोठ्याने वाचून घेतलं, त्याच्याकडून.

शुक्रवारी तो लेख आला. फोन फार आले नाहीत. एक आला तो मुख्याध्यापकांचा, ते म्हणाले, "तुमच्यासारख्या बाईकडून ही अपेक्षा नव्हती."

सभेला आम्ही प्रेक्षकांच्या बाकांवर बसलो. पंखे कुरकुरत होते. आई आमच्यापासून दूर, तिच्याबरोबरच्या सिस्टरांमध्ये बसली होती, गणवेशात. ठराव मांडणारे नगरसेवक उभे राहिले आणि त्यांनी मंगळवारचा लेख वाचायला घेतला. ते चांगले वाचक होते, दुर्दैवाने. थंडीतल्या त्या बाईपाशी आले तेव्हा माणसं पुढे झुकून ऐकू लागली. आईने मान खाली घातली नाही. सरळ समोर बघत राहिली.

मग दुसऱ्या बाजूच्या नगरसेविका उठल्या. त्यांनी शुक्रवारचा लेख वर धरला. "याच बाईंनी आज काय लिहिलंय, तेही ऐका."

त्या दोन परिच्छेद वाचू शकल्या. दारं-खिडक्यांचं वाक्य वाचलं तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी "बरोबर आहे!" म्हणालं. आत्याने बाकाची कड घट्ट धरली होती. मग समोरून आवाज आला, "मंगळवारी एक, शुक्रवारी एक! रविवारी काय म्हणणार आहेत बाई?" आणि सभागृह हसलं. वाईट हसू नव्हतं ते. दिवसभर कंटाळलेली माणसं मोकळी हसतात तसं होतं. नगरसेविकांचा पुढचा परिच्छेद त्या हशात विरून गेला.

हात वर झाले. मोजले गेले. थोडक्यात, पण ठराव मंजूर झाला.

बाहेर पायऱ्यांवर आत्या आईजवळ गेली. "वहिनी, माझ्यामुळे हरलो आपण."

आईने तिच्याकडे बघितलं. "तुझ्या एकटीच्या लेखावर नव्हतं ते," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण होतंही." आणि बाकीच्या सिस्टरांबरोबर खाटांची मोजदाद करायला निघून गेली.

आईला ताकीद मिळाली, नोकरी राहिली, आणि बदली मोठ्या रुग्णालयात झाली. दोन बस बदलून जावं लागे. ऑपरेटर कामावर राहिला. मालकांनी सदर काही महिने बंद ठेवलं, मग वाचक विचारू लागले म्हणून परत सुरू केलं. आत्या लिहीत राहिली. पलीकडचं लिहिणंही तिने सोडलं नाही, पण त्यात कुणाचं काही सांगितलेलं येणार असेल तर आधी त्या माणसाला जाऊन विचारायची. पुष्कळदा लोक नाही म्हणायचे. मग मुद्दा कच्चा राहायचा आणि लेखही. संपादक कुरकुरायचे, पण छापायचे. नंतरचे तिचे लेख मी जेव्हा वाचते, तेव्हा त्यांत मंगळवारच्या त्या लेखाचं तेज कुठेच दिसत नाही. एक संथपणा दिसतो. एखादा माणूस वाक्य बोलण्याआधी खोलीत कोण कोण बसलंय ते बघून घेतो, तसा.

घरात बोलणं सुरू झालं ते कामापुरतं. किल्ली कुठे आहे, दूध आलं का. आई तू म्हणू लागली होती, पण वकीलबाई म्हणत नव्हती. एका सकाळी तिची पहिलीच बस चुकली आणि ती पावसातून परत आली, ओली, वैतागलेली. आत्या वर्तमानपत्रावर बोट ठेवून बसली होती. आई फणकारून म्हणाली, "वकीलबाई, त्या बस कंपनीवर लिहा काहीतरी. पलीकडचं-बिलीकडचं काही नको, डायरेक्ट मारा." बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. आत्याने पेन उघडलं आणि विचारलं, "तुझं नाव टाकू का?"

"टाक," आई म्हणाली. "घाबरते की काय मी कुणाला?"

त्यानंतर बरीच वर्षं गेली. आत्या निवृत्त झाली, संपादक गेले, मी शिकायला बाहेर जाऊन परत आले. आईची निवृत्ती जवळ आली होती, तरी दोन बस बदलून जाणं संपलं नव्हतं. आत्याचं हृदय कमजोर झालंय, हे आम्हाला माहीत होतं, पण इतकं आहे हे नव्हतं. त्या संध्याकाळी तिची पाठ जराशी दुखत होती. लेख अर्धा झाला होता, उद्या पूर्ण करीन म्हणाली आणि आडवी झाली. आई घरी पोचेपर्यंत ती गेलेली होती, झोपेतच. मी तेव्हा शेजारच्या खोलीत वाचत बसले होते, आणि दिवेलागणीला दार लावायला उठले, तेव्हा तिचा आवाज मी शेवटचा ऐकला.

"कडी लावू नकोस गं," ती आतून म्हणाली. "वहिनीची दुसरी बस चुकली असणार."